विमानाचा पुढचा पाय

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, जाऊन सव्वा महिना झाला. परवा हुबळीत दुर्गदबैलाच्या बाजारात एका दुकानदाराने विचारलं, "विमान पाडलं तो मेकॅनिक तुमचाच भाऊ ना?" सामान न घेताच परत आले. म्हणून लिहिते... अण्णाने विमान पाडलं नव्हतं.

नव्वदनंतरच्या वर्षांत हुबळीच्या एका शेठजींनी चार माणसांचं छोटं विमान घेतलं होतं. ते अण्णा सांभाळायचा. चाकांच्या वर जाड दांडे असतात, त्यांत तेल आणि दाबून भरलेला वायू असतो. विमान उतरताना सगळा दणका तेच सोसतात. अण्णा त्यांना पाय म्हणायचा. पायाचा चकचकीत भाग आत-बाहेर सरकतो. त्यावर बारीक कचरा राहिला तरी आतलं रबरी सील कापतं आणि तेल गळतं. म्हणून तो रोज तेलाच्या मऊ फडक्याने ते पाय पुसायचा. वहिनी म्हणायची, "माझ्या पायांना नाही हो कधी तेल लावलंत." त्यावर हा म्हणे, "तू कुठं आभाळातनं उतरतेस?"

खंडेनवमीला शेठजींच्या आई पूजेला आल्या. अण्णाने कौतुकाने दाखवलं, आईसाहेब, हे चाक, हे ह्याचे पाय. पाय म्हटल्यावर त्यांनी चाक सोडलं आणि चकचकीत भागालाच हळदकुंकू माखलं, वर अक्षता चिकटवल्या. अण्णा फडकं घेऊन पुढे झाला.

"कुंकू पुसतोस? सणासुदीला? माझ्या लेकाच्या विमानाचं?"

अण्णाचा हात तिथंच थांबला. शेठजी हसून कन्नडमध्ये म्हणाले, "इरली बिडो," राहू दे रे. आणि आईला बसवून तसंच विमान एक फेरी फिरवून आणलं.

दुसऱ्या दिवशी पुढच्या पायातून तेल पाझरत होतं. सील बदलल्याशिवाय उडवू नका, असं अण्णाने हात जोडून सांगितलं. शेठजींना दसऱ्याचं सोनं द्यायला बेळगावला जायचंच होतं. वरून तेल भर म्हणाले आणि गेले. परत उतरताना पुढचा पाय खाली बसला, पंखा धावपट्टीवर आपटून वाकला. कुणाला खरचटलंही नाही. पण मेकॅनिकने लक्ष दिलं नाही, असं शेठजींनी गावभर सांगितलं. खर्च अण्णाच्या पगारातून कापत राहिले आणि तो फिटल्यावर त्याला काढून टाकलं. पुढे नवनगरात पाण्याचे पंप दुरुस्त करून त्याने दिवस काढले. कुंकवाचं बाहेर कधी बोलला नाही. म्हातारीला कशाला बोल लावायचा, म्हणे. त्याच्या ह्या चांगुलपणाचा मला अजून राग येतो.

शेवटच्या आजारात मात्र म्हणाला, "शेठजींनी एकदा चारचौघांत सांगावं, चूक माझी नव्हती म्हणून. पैसे गेले ते जाऊ देत."

तेराव्यानंतर शेठजी स्वतः आले. कापलेला सगळा पगार व्याजासकट आणलाय म्हणाले आणि पाकीट वहिनीपुढे ठेवलं.

वहिनीने विचारलं, "आणि चूक कुणाची होती, ते कधी सांगणार?"

"आता ते कशाला, वहिनी... माणूस गेला." चहा न घेताच ते उठले.

वहिनीने दार लावलं आणि पैसे मोजले. पूर्ण होते.