हद्दीवरची खिडकी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आता लिहितानासुद्धा दार लावून बसलेय — कामथडीच्या माझ्याच घरात कशाला भ्यायचं? पण भिते.

आखातात मी आणि भोरची शबाना एका खोलीत राहायचो. दोघी पाहुण्या म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर गेलेल्या, आणि लोकांची मुलं सांभाळायचो. त्या व्हिसावर काम करायची परवानगी नसते. मुदत संपायच्या आत हद्द ओलांडून शेजारच्या देशात जायचं, नवा व्हिसा घेऊन परत यायचं — आमच्यासारख्या बऱ्याच जणी तसंच करायच्या.

शबानाची मुदत माझ्या आठ दिवस आधी संपत होती. ती म्हणाली, "सुनंदाताई, मी उद्याच्या बसनं जाते."

मला एकटीनं त्या हद्दीवर जायची धास्ती होती. अधिकारी, त्यांचे प्रश्न, न कळणारी भाषा. म्हणून मी म्हणाले, "आठ दिवस मागंपुढं चालतंय. म्या विचारलंय. संगंच जाऊ."

मी कुणालाच विचारलं नव्हतं.

ती थांबली. माझ्या शब्दावर.

आम्ही निघालो तेव्हा तिची मुदत उलटून गेली होती. हद्दीवरच्या खिडकीत तिचा पासपोर्ट अधिकाऱ्यानं दोनदा उलटून पाहिला. मग आणखी एकाला बोलावलं. शबानानं मागं वळून माझ्याकडं बोट केलं, मोडक्या हिंदीत सांगू लागली — हिनंच सांगितलं, चालतं म्हणून. त्या अधिकाऱ्यानंही हिंदीतच मला विचारलं, ही तुझ्याबरोबर आहे का? दोघी काय काम करता?

काम कळलं तर मलाही धरतील — एवढंच डोक्यात. मी म्हणाले, "मी हिला ओळखत नाही. बसमध्ये शेजारी बसली होती, एवढंच."

शबाना रडली नाही. माझ्याकडं केलेलं बोट तिनं खाली घेतलं. तिला आत नेलं. माझ्या पासपोर्टवर शिक्का पडला.

तिला काही आठवडे कोठडीत ठेवून परत पाठवलं, पुन्हा यायची बंदी घातली. तिच्या पैशांवर चाललेलं लेकीचं नर्सिंगचं शिक्षण तिथंच थांबलं. मी आणखी दोन वर्षं राहिले.

परत आल्यावर भोरला तिच्या घरी गेले. का गेले? तिनं कुणाला सांगितलंय का, ते बघायला. दुसरं काही नाही. तिची सासू म्हणाली, "तुमी तर संगं व्हता. नेमकं काय झालं वं? ही तर काईच बोलत न्हाई."

तिथं कुणी अधिकारी नव्हता. मला कुणी धरणार नव्हतं. तरी मी म्हणाले, "आमच्या रांगा वेगळ्या व्हत्या, मावशी. मला काय दिसलंच न्हाई."

शबाना पाणी घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं. पेला माझ्यापुढं ठेवला आणि आत गेली.

मी ते पाणी प्याले.