लाल सिग्नल आणि ड्रायव्हरमामा

ड्रायव्हरमामांना ओरडल्याशिवाय बोलताच येत नसे. उभा जन्म वाफेच्या इंजिनात गेलेला. समोरचा माणूस हातभर अंतरावर असला तरी त्यांना तो फलाटाच्या दुसऱ्या टोकाला वाटे. "चहा घेतो काय?" एवढं त्यांनी मला विचारलं तरी इंजिनांच्या अख्ख्या शेडला कळायचं, आणि चार कप जास्तीचे सांगावे लागायचे.

मी तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नवा इंजिनियर होतो. डिझेल इंजिनं आली होती, वाफेची भंगारात चालली होती. त्यातलं एक मात्र शाळांच्या सहली दौलताबादपर्यंत नेण्यासाठी ठेवायचं घाटत होतं. अट एकच, त्याला नवं सुरक्षा यंत्र हवं, एका लहानशा लोखंडी डब्यात बसवलेलं. सिग्नल लाल असूनही ड्रायव्हरनं गाडी थांबवली नाही, तर या डब्यानं आपणहून ब्रेक लावायचा. चाचणीत जमलं नाही तर इंजिन भंगारात. डबा आमच्या कारखान्याचा होता आणि इंजिन मामांचं.

मामांचं म्हणजे वर्षानुवर्षं त्यांनीच चालवलेलं. पडेगावहून सायकलवर येत, आधी इंजिनाला हात लावत आणि मग हजेरीला जात. दुपारी फावड्यावर वांगं ठेवून भट्टीत भाजत, भाकरीबरोबर मला खाऊ घालत आणि वर सुनावत, "ह्ये तुज्या डिझेलवर भाजून दाव की!" तसं वांगं मी पुन्हा कुठे खाल्लं नाही.

माझा डबा पहिल्या दिवशी धक्क्यांनी खिळखिळा झाला, दुसऱ्या दिवशी काजळीनं बंद पडला. मी रडकुंडीला आलो. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. मामा मोर्चातून थेट कामावर आले होते, छातीवर निळी फीत तशीच होती. माझा चेहरा बघून म्हणाले, "आमी एका नावासाठी इतकी वर्सं रस्त्यावर हाओत, आन् तू दोन दिसांत रडाया बसला व्हय?" मग त्यांनी सायकलची जुनी ट्यूब कापून डब्याखाली घातली, वरून चामड्याची टोपी शिवली. डबा मुकाट चालू लागला. मला माझ्या पदवीची जरा लाजच वाटली.

चाचणीला रेल्वेचे तपासणी करणारे साहेब माझ्याबरोबर इंजिनात चढले. लाल सिग्नल दिसला तरी मामांनी काहीही करायचं नव्हतं. सिग्नल जवळ आला आणि मामांनी ब्रेक लावला.

"अहो, तुम्ही नाही, डब्यानं थांबवायचंय!" साहेब म्हणाले.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"लाल दिसलं की हात ऐकत नाय, सायेब," मामा ओशाळून म्हणाले.

"आता शेवटची संधी. नाहीतर नापास लिहितो."

मामांनी इंजिन पुन्हा सुरू केलं, वेग घेऊ दिला आणि दोन्ही हात माझ्यापुढे केले. "धर. कायबी झालं तरी सोडू नगं."

मी मनगटं घट्ट धरली. सिग्नल जवळ येऊ लागला तसे ते हात सुटायला धडपडू लागले. म्हाताऱ्यात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे! घंटा वाजली, मोठा फुस्स आवाज झाला, चाकं करकरली आणि इंजिन सिग्नलच्या अलीकडे उभं राहिलं.

साहेब कागदावर पास लिहू लागले. मामांची मनगटं अजून माझ्याच हातात होती. पुढच्याच महिन्यात ते रिटायर होणार होते. मला भरून आलं होतं, आणि मामा मात्र हसत होते.

"थांबली रं! आता म्या नसलो तरी चालंल."

आपल्यावाचून चालेल, या बातमीनं इतका आनंदलेला माणूस मी नंतर पाहिला नाही.