आबांनी आणलेली लाकडं

सासूबाई गेल्यावर आम्ही आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सोनगीरहून जळगावला आणलं. आयुष्यभर शेतात राबलेला माणूस. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये करणार काय? सकाळी फिरायला जायचे आणि येताना लाकूड उचलून आणायचे. कधी वीजवाल्यांनी छाटलेली निंबाची फांदी, कधी बाभळीची गाठ. बाल्कनीत पाय ठेवायला जागा उरेना. टाकून देऊ म्हटलं की आबांचा चेहरा पडायचा.

मी तेव्हा पाइपच्या कारखान्यात तपासणीला होते. तुकडे कापायचे, जाडी मोजायची, दाब देऊन फोडायचे. एका रविवारी आबांचं मन राखायला म्हणून भाजीची सुरी घेतली आणि निंबाच्या तुकड्यात चिमणी कोरायला बसले. झाला बटाटा. आबांनी तो हातात फिरवून पाहिला.

"चोच कोठे शे?"

"ही काय."

"मंग चिमणीच शे," म्हणाले आणि टीव्हीशेजारी नेऊन ठेवली.

त्या दिवसापासून मला नादच लागला. नवऱ्याने कोरायच्या पटाश्या आणून दिल्या. बुलबुल झाला, टिटवी झाली, सरडा झाला. कारखान्याच्या कुंपणावर कोतवाल पक्षी बसला की मी हातातलं काम सोडून त्याची दुभंगलेली शेपटी बघत राहायची.

मग मला बढती मिळाली. नवरा म्हणाला, "पेढे आणू?" आणि मला एकदम रडूच कोसळलं. का, ते मलाही कळेना. तो गोंधळून समोर बसला. मी म्हटलं, "आता रविवारसुद्धा उरणार नाही."

तो म्हणाला, "मग सोड ना नोकरी. माझा पगार आहे. भागवू."

आबांनी सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर त्यांची खाट हॉलमध्ये, आणि त्यांच्या खोलीत सगळी लाकडं नीट रचलेली.

"तुले जागा लागी ना," एवढंच म्हणाले.

एकदाच आमचं वाजलं. मी बाभळीच्या गाठीतून पिंगळा कोरला, अंग फुगवून बसलेला, गोल डोळ्यांचा. आबा भडकले. "घुबड कोनी घरमा ठेवस का?" मी हट्टाने ठेवला. ते येता-जाता त्याचं तोंड भिंतीकडे करायचे, मी परत फिरवायची.

धुळ्याच्या हस्तकला प्रदर्शनात तो नेला तेव्हा आबाही आले. पांढरी टोपी घालून खुर्चीत बसले आणि येईल त्याला सांगत होते, "आमनी सूननं काम शे." मला तर लाजेने बोलताच येत नव्हतं. दुपारी एका बाईंनी पिंगळा उचलला आणि किंमत विचारली. मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "हाऊ इकाना नही शे."

परतताना एसटीत पिंगळा त्यांच्या मांडीवर होता. मी विचारलं, "आबा, घुबड घरात चालतं का मग?"

"घुबड येगळं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "हाऊ पिंगळा शे."

आता नोकरी सोडून मी दिवसभर कोरकामच करते. नोकरीची आठवण येते ती फक्त डब्याच्या सुट्टीतल्या मैत्रिणींमुळे. आबांचे गुडघे दुखतात, म्हणून ते माझ्या खोलीतच बसतात आणि पटाशी चुकीची चालली की खाकरतात. दर वेळी त्यांचंच बरोबर असतं असं नाही. पण मी हात थांबवते.