सासूबाईंचा नारळ आणि सोडलेला चहा

चर्चमध्ये पहिल्यांदा जाताना काय न्यायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी नारळ घेतला.

तो नवसाचा होता. माझ्या नवऱ्याला कुपवाडच्या कारखान्यातून येताना टेम्पोनं उडवलं. तो बेशुद्ध पडला होता, तेव्हा वॉर्डातली एक सिस्टर ड्युटी संपली तरी त्याच्या उशाशी डोळे मिटून उभी राहायची. सासूबाईंनी ते पाहिलं आणि तिला सांगून टाकलं, "माजं लेकरू चालत घरला आलं, तर तुज्या देवाला नारळ दीन. तवर च्या सोडला." मेढ्याकडची ही बाई, चहाशिवाय जिचं पान हलत नाही!

लेकरू काठी टेकत का होईना, चालत घरी आलं. मग एका रविवारी आम्ही तिघं सिस्टरच्या सांगलीतल्या चर्चच्या दारात जाऊन उभे राहिलो. मला घाम फुटला होता. नारळ बघून कुणी हसलं किंवा परत पाठवलं, तर या बाईचा चहा जन्मभर सुटलेलाच राहणार होता. दाराबाहेर देवळासारखाच चपलांचा ढीग दिसला, तेव्हा जरा जिवात जीव आला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी "सलाम" करून गीतांचं पुस्तक हातात दिलं. सासूबाईंनी त्यांना रामराम ठोकला.

सिस्टर आमच्याशेजारी येऊन बसली. "मी उठले की उठा, बसले की बसा," ती कुजबुजली.

"लय उठाबशा काढायला लावत्यात गं," सासूबाई गुडघे चोळत म्हणाल्या. पण पेटी-तबल्यावर भजन सुरू झालं, तशी त्यांची मान डोलायला लागली.

मग लोक रांगेनं वेदीकडे निघाले. भाकर आणि द्राक्षारस बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो, सिस्टरनं सांगितलं. तुम्ही हात जोडून या, पाळक आशीर्वाद देतील, आणि बसून राहिलात तरी चालेल. सासूबाई कसल्या बसून राहतात! त्या पुढे गेल्या आणि सवयीनं तीर्थ घ्यायला उजवा तळहात पुढे केला. पाळकांनी शांतपणे त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग सासूबाईंनी पदराआडून काढलेला नारळ त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि वेदीजवळच्या फुलांशेजारी ठेवला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

उपासना संपल्यावर आवारात चहा होता. सिस्टरनं कप पुढे केला, तशा सासूबाई मागे सरल्या. "नारळ तर फोडलाच न्हाई. मग नवस फिटला कसा?"

"आत्याबाई, आता पुरे की," मी वैतागून म्हणाले.

एवढ्यात एका आजीबाईंनी माझ्या नवऱ्याचा हात धरला. त्याचं नाव घेऊन म्हणाल्या, "तूच का रे तो? चालायला लागलास?" मग आणखी कुणी आलं, मग आणखी. सगळ्यांना त्याचं नाव माहीत होतं. अपघात झाल्यावर सिस्टरनं ते चर्चमध्ये सांगितलं होतं आणि तेव्हापासून दर रविवारी अख्खी मंडळी ते नाव घेऊन प्रार्थना करत होती. आम्हाला याचा पत्ताच नव्हता. मला रडू आवरेना.

सासूबाई त्या सगळ्यांकडे बघत राहिल्या. मग सिस्टरच्या हातातला कप त्यांनी आपणहून घेतला आणि एक घोट प्याल्या.

"एवढी सगळी मागत हुती व्हय त्याच्यासाठी?" त्या म्हणाल्या. "आन् मी येडी, एकच नारळ आणला."