समुद्राला वाफसा नसतो

गेल्या वर्षी आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या आणि नातेवाइकांनी तिला परस्पर निवृत्त करून टाकलं. आता बसून जप करायचा, जिना चढायचा नाही, रानात जायचं नाही. आई राहुरीची. उभा जन्म कालव्याच्या पाण्यावर ऊस-कांदा भिजवण्यात गेलेला. तिने सगळ्यांचं निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला समुद्रातला किल्ला बघायचाय, आणि तोही चालत जाऊन.

ही इच्छा फार जुनी होती. दिवाळीत मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, अंगणात मातीचा किल्ला करायचा. एका वर्षी आईने हट्टाने घमेल्यात पाणी भरलं आणि त्यात चिखलाचा जलदुर्ग उभा केला. सकाळी घमेल्यात नुसता गाळ. मामाने सत्तरी ओलांडली, तरी भाऊबीजेला तो किल्ला उकरून काढल्याशिवाय त्याला लाडू गोड लागत नाही. सहलीचं कळल्यावरही तो फोनवर म्हणालाच, "आधी गुडघ्यांचं बघ. तुजं किल्लं टिकत न्हाईत, बाई."

आई हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून कालव्याच्या भरावावरून तिच्या फेऱ्या सुरू झाल्या.

थंडीत आम्ही निघालो. आई, मी आणि गाडी चालवायला माझा धाकटा भाऊ. मुरूडला होडीतून जंजिरा पाहिला, रेवदंड्याच्या पडक्या तटावरून फिरलो, चौलच्या नारळी-पोफळीच्या सावलीत जेवलो. तोफ दिसली की भाऊ नगरच्या संग्रहालयातल्या रणगाड्यांच्या गोष्टी काढायचा. आम्ही नगरची माणसं, आम्हाला लढाईची लोखंडं दाखवून कोण चकित करणार! आईला मात्र अलिबागच गाठायचं होतं. तिथला कुलाबा किल्ला पाण्यात आहे आणि ओहोटीला पायी जाता येतं, एवढं तिने पक्कं करून ठेवलं होतं.

किनाऱ्यावर पोचलो तर ओहोटी लागलेली. पाणी हटून किल्ल्यापर्यंत ओली वाळू चमकत होती, माणसं चालत निघाली होती. आई पुढे झाली, वाकली, मूठभर वाळू दाबून पाहिली आणि मागे फिरली.

"वाफसा न्हाई अजून. जरा दम धरा."

वाफसा म्हणजे भिजवलेलं रान पाय ठेवण्याजोगं होणं. त्याआधी वावरात शिरलं तर ढेकळं होतात, आणि आमच्या लहानपणी पाठीत धपाटाही बसायचा. त्यामुळे आम्हा शिकलेल्या दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही सुरूच्या झाडांखाली पथारी टाकली, दशम्या सोडल्या आणि समुद्राला वाफसा यायची वाट बघत बसलो. घोडागाडीवाला दोनदा विचारून गेला. आम्ही त्याला, जरा वाळू दे, असं सांगितलं. तो आमच्याकडे बघत बघत गेला.

दशम्या संपल्या आणि पाणी परत येऊ लागलं. भाऊ उठून म्हणाला, "आवर्तन सोडलं का काय?" धरणातून कालव्याला पाणी सोडतात, तसं. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि काय झालं ते तिघांच्याही एकदम लक्षात आलं. मी हसून हसून बेजार झाले. आईने तोंड फिरवलं. तिचे डोळे भरले होते, आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच घरी परत निघायचं ठरलेलं, भावाची कामावर हजेरी होती. घोडागाडीने पाण्यातून जाऊन येऊ, असं त्याने सुचवलं. आई म्हणाली, बसून जायचं असतं तर गुडघे कशाला कापून घेतले? मला भावाचा राग आला. आयुष्यभर या बाईने सगळ्यांच्या वेळा सांभाळल्या, एकदा तिची वेळ कुणी सांभाळली तर आभाळ कोसळणार होतं का? हे मी त्याला तोंडावर सुनावलं. त्याने थोडा वेळ दगडाला लाथा मारल्या आणि मग कामावर फोन लावला.

सकाळी पाणी पुरतं हटलंही नव्हतं, तेवढ्यात आईने चपला हातात घेतल्या, लुगड्याचा ओचा वर खोचला आणि ती पाण्यात शिरली. आम्ही दोन्ही बाजूंना. मध्यावर शेवाळलेले खडक लागले. तिचा पाय सटकला, भावाने दंड धरला. ती थांबली. तिची धाप मला ऐकू येत होती. भाऊ हळूच म्हणाला, आई, फिरू या का मागं?

तिने दंड सोडवून घेतला. "वल्या रानात घुसायचं न्हाई म्हनून जलमभर थांबले. आता न्हाई थांबत."

आणि गेली. एकेक पाऊल रोवत, आमच्याकडे न बघता. दरवाजाच्या पायथ्याशी पोचली तेव्हा मला शाळेतल्या पोरीसारखं ओरडावंसं वाटलं. मी ओरडलेही. दोन अनोळखी माणसं वळून बघायला लागली.

आई मात्र तटाचे दगड चाचपत होती. भलेमोठे दगड, नुसते एकावर एक बसवलेले. मध्ये चुना नाही, माती नाही. तिने फटीत बोट घातलं. फटीतून आदल्या भरतीचं पाणी अजून झिरपत होतं. लाट आत येते आणि आल्या वाटेने निघून जाते, दगड जागचा हलत नाही. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, मामाला फोन लाव.

लावला. पलीकडून मामाचं नेहमीचं सुरू झालं असावं, कारण आईने त्याला मध्येच तोडलं.

"ऐक, दादा. मी चिखल घातला हुता, तिथं चुकलं. हितं किल्ला उभा हाय पान्यात." तिने एक हात तटावर टेकवला. "अन् त्याच्याम्होरं मी बी उभी हाय."