उतरलेल्या पाण्याची पेनी

आमच्या दुकानात पत्र्याचा एक डबा होता. त्यात पेन्या साठत गेल्या, तसे त्या डब्याभोवती बसणाऱ्या माणसांचे किस्सेही साठले. डबा कधीच गेला, किस्से तेवढे माझ्याजवळ राहिले.

कोल्हापुरात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. लढाई संपली आणि शिपाई घरी परतू लागले. त्यांच्या खिशातून पेनी नावाची ही विलायतेची तांब्याची नाणी यायची, रुपयाएवढी मोठी. इथल्या बाजारात ती कोण घेणार? मग जुन्या भांड्यांबरोबर मोडीत घालायचे. आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, ती वितळवायला न देता डब्यात टाकत. रविवारी शेजारचे गुरुजी आणि शिरोळचे भूपालअण्णा यायचे, आणि तिघं भिंग घेऊन पेन्या निवडत बसायचे.

*

जुन्या पेन्यांवर राणीचं तोंड असे. एकीवर केसांना फीत बांधलेली पोरगी, दुसरीवर डोक्यावरून पदर घेतलेली म्हातारी. मालक म्हणाले, ह्या मायलेकी असणार. गुरुजींनी समजावलं, बाई एकच, राज्य लई वर्षं केलं. मालकांना पटेना. एकच बाई इतकी कशी बदलंल?

तेवढ्यात मी चहा घेऊन गेले. मालकांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

"बदलती, बदलती," म्हणाले.

*

अण्णा गुळाचे व्यापारी. त्यांना राणीशी देणंघेणं नव्हतं. ते पेनी पालथी करायचे. मागं एक बाई बसलेली, हातात त्रिशूळ, बाजूला ढाल, पाठीशी समुद्र. त्या समुद्राची रेघ बहुतेक पेन्यांवर बाईच्या मांडीजवळ असते. एका सालच्या थोड्याच पेन्यांवर ती खाली, पायाकडं उतरलेली. तेवढी एक पेनी अण्णांना हवी होती.

कृष्णेला पूर आला, ऊस पाण्याखाली गेला, तरी अण्णा रविवारी हजर. गुरुजींनी विचारलं, घराकडं पाणी कुठवर आलंय?

अण्णांनी भिंगातनं डोळा काढला नाही. "उंबऱ्याला लागून उतरलं. ह्या बाईचंच उतरंना."

*

एकदा दसऱ्याच्या आधी दुकानातली भांडी घासायला काढली. माझी नणंद मोठी उरकाची. तिनं डबाही उपडा केला, आणि चिंच-राख लावून सगळ्या पेन्या लख्ख केल्या. जुन्या नाण्यावरचा काळा रंग गेला की त्याची किंमत जाते, हे तिला काय ठाऊक?

अण्णांनी डबा उघडला आणि तसाच झाकला. त्या दिवशी जेवले नाहीत. नणंदेनं हळूच विचारलं, अण्णांचा उपास हाय काय?

गुरुजी म्हणाले, "उपास नाही, सुतक आहे."

तेव्हापासून नेम झाला. नाणं जसं येईल तसं ठेवायचं. धूळसुद्धा पुसायची नाही.

*

मग एका रविवारी, मोडीत आलेल्या फुटक्या ताम्हनात अण्णांना ती पेनी सापडली. रेघ खाली उतरलेली! पण घासून घासून पार पिवळी झालेली, आणि बाईच्या पायाशी काहीतरी लाल भरलेलं. अण्णा हळहळले. तरी नेमाप्रमाणं पुसली नाही. कापसात गुंडाळून कोपरीच्या खिशात ठेवली आणि दिवसभर खिसा चाचपत राहिले.

पुढच्याच रविवारी उचगावची हौसाबाई आली. लेक लढाईत गेलेला. त्याच्या सोबत्यानं आणून दिलेली एक पेनी तेवढी घरी आली होती. तिच्यावरची त्रिशूळवाली ती अंबाबाईच, असं धरून हौसाबाई देव्हाऱ्यात रोज पुजायची. दिरानं फुटकं ताम्हन मोडीत घातलं, त्यात पेनीही गेली.

मालकांनी डबा तिच्यापुढं ओतला. गुरुजींनी विचारलं, साल कुठलं? राजा का राणी?

"मला काय ठावं, गुरुजी. मी देवी वर करूनच ठेवायची. तिच्या पायाशी माझं कुंकू हाय बघा."

ती एकेक पेनी हातात घेऊन बाजूला ठेवू लागली. गुरुजी खाली बघत होते. मालक अण्णांकडं बघत होते. अण्णांचा हात खिशात गेला आणि तिथंच राहिला.

ढीग संपत आला, तेव्हा त्यांनी कापूस काढला, उलगडला आणि पेनी तिच्या हातावर ठेवली.

हौसाबाईनं ती कपाळाला लावली. आठवडाभर हात न लागल्यानं जरा काळवंडली होती. ज्या पदरानं डोळे टिपले, त्याच पदरानं ती पेनी पुसायला लागली. गुरुजी न राहवून पुढं झाले. अण्णांनी त्यांचं मनगट धरलं.

"नुसत्या पदरानं न्हाय निघायचं, आक्का," ते म्हणाले. "चिंच लाव."