सात नंबरची बाटली

हे मी आजवर कुणापाशीही बोललेले नाही. आमचे यजमान चाळीस वर्षं माझ्यासमोर बसून सकाळचा चहा प्यायले — ते गेले तेही हे न ऐकताच. बहिणीला नाही, मुलीला नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझे विद्यार्थी नाही, म्हणून असेल. विद्यार्थ्यांसमोर चुकायची मला सवय नाही.

बघा! कबुली द्यायला बसले आणि पहिल्या चार ओळींत तोरा. जित्याची खोड, दुसरं काय.

तर आधी तोराच सांगून टाकते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मी एकतीस वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवली. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला. शेजारच्या विभागात पोरांना चिरायला मढं मिळायचं, त्यापलीकडच्या विभागात बेडूक. डॉक्टर झाल्यासारखं वाटायचं त्यांना. आमच्याकडे काय? फळ्यावर सूत्रं आणि परीक्षानळीत लघवी. नाकं मुरडत यायची पोरं. आणि तरीही माझ्या तासाला शेवटच्या बाकापर्यंत वर्ग भरलेला असायचा — हजेरी न घेता. हे मी म्हणत नाही, सगळं कॉलेज म्हणायचं. बरं, मीही म्हणते.

उपाशीपोटी शरीर काय करतं हे मी संकष्टीच्या उपासावरून शिकवायचे. सकाळी यकृतातली साठवलेली साखर कशी निघते, चंद्रोदयापर्यंत चरबीला कसा हात घालावा लागतो, आणि मधेच साबुदाण्याची खिचडी चापली तर त्याला उपास का म्हणू नये. वर्ग हसायचा आणि विसरायचा नाही. एका वर्षी तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. म्हणाली, रोज्याचं गणित याहून सोपं आहे मॅडम, मधे खिचडी नसते. वर्ग माझ्या तोंडाकडे बघायला लागला, मी काय बोलते म्हणून. मी मनापासून हसले. ती नसीम शेख. वडील रविवार पेठेत पुस्तकबांधणी करायचे, आमच्या विभागाची जर्नलं त्यांच्याकडेच बांधायला जायची.

मला ती पोरगी पहिल्या दिवसापासून आवडली. हेही लिहून ठेवते. आकस होता म्हणून घडलं, असं म्हणायचीसुद्धा मला सोय नाही.

माझा एक नियम होता. प्रॅक्टिकलच्या पहिल्या तासालाच सांगायचे — डोळ्यांना दिसेल तेच लिहा. पुस्तकात काय आहे, शेजाऱ्याने काय लिहिलंय, मॅडमच्या चेहऱ्यावर काय दिसतंय, ते लिहू नका. पुढे तुमच्यासमोर पेशंट असेल, मॅडम नसतील. किती वेळा सांगितलं असेल हे? घसा बसेपर्यंत.

वार्षिक परीक्षेत प्रत्येकाला एक अज्ञात नमुना मिळतो. म्हणजे लघवीसारखं दिसणारं पाणी — त्यात साखर आहे का, प्रथिनं आहेत का, चाचण्या करून ओळखायचं. खरी लघवी नसतेच ती. आम्हीच बनवतो. चहाचं फिकट पाणी रंगाला, अंड्याचा पांढरा बलक प्रथिनांना, साखर हवी तर चमचाभर ग्लुकोज. बाटल्यांवर आकडे आणि कोणत्या आकड्यात काय आहे याची यादी परीक्षकाच्या खिशात. इतर ठिकाणी हे काम प्रयोगशाळेतले मदतनीस करत. मी कुणाला हात लावू द्यायचे नाही. नाकावर माशी बसू न देणारी बाई मी! एकतीस वर्षांत माझी बाटली चुकली नाही, अशी ख्याती होती. अजून आहे.

त्या दिवशी सकाळी सहा आणि सात नंबरच्या बाटल्या समोर होत्या. यादीप्रमाणे सहामध्ये नुसती साखर, सातमध्ये साखर आणि प्रथिनं. एवढ्यात निरोप आला, बाहेरगावचे परीक्षक आले. वयाने मोठे, विषयातले दबदब्याचे. मी सामोरी गेले. ते म्हणाले, बाई, तुमच्या बाटल्यांची कीर्ती आमच्या गावापर्यंत आहे. मी परत आले ती थोडी तरंगतच आले असणार. उरलेलं ग्लुकोज घातलं, बुचं लावली.

सात नंबर नसीमला गेला.

तासाभराने तिच्या टेबलाशी पोचले. प्रथिनं बरोबर ओळखलेली. साखरेच्या रकान्यात — नाही. तुम्हाला माहीत नसेल, साखरेच्या चाचणीचं द्रावण निळंशार असतं. त्यात नमुन्याचे आठ थेंब टाकून उकळायचं. साखर असेल तर रंग हिरवा, पिवळा, पार विटेसारखा लाल होतो. नसेल तर निळा तो निळाच. तिची नळी निळी होती. मी म्हटलं, विचार कर. भुवया वर करून म्हटलं. दुसरं कुठलंही पोर असतं तर माझा चेहरा वाचून तिथल्या तिथे 'आहे' लिहून मोकळं झालं असतं.

"मॅडम, साखर नाहीये. मी तीनदा करून बघितलं."

"मग चौथ्यांदा डोळे उघडून कर."

बाहेरचे परीक्षक हसले. तिने चौथ्यांदा केलं. माझ्या देखत, थेंब मोजून. निळं. आणि तिने खोडलं नाही! तोंडी परीक्षेतही तेच धरून बसली. हट्टी आहे, म्हणाले ते बाहेरचे परीक्षक, आणि त्यांनीही गुण कमी दिले. चार गुणांनी ती प्रॅक्टिकलला नापास झाली.

नळी माझ्या डोळ्यांसमोर निळी होती. मग मी स्वतः का करून पाहिलं नाही? कारण बाटली माझी होती.

दुपारी सगळी पोरं गेली. तिची नळी स्टँडवर तशीच होती. ती मला टोचायला लागली. म्हटलं, आता करूनच दाखवते, म्हणजे उद्या तिला सांगता येईल कुठे चुकलीस. सात नंबरमध्ये तळाशी थोडं उरलं होतं. आठ थेंब टाकले, उकळलं. निळं. पुन्हा केलं. निळं. मग सहा नंबर घेतला — नळी धरताधरता लालभडक, खाली जाड गाळ. दोघींची साखर मी एकीतच ओतली होती.

गुणपत्रकावर सह्या व्हायच्या होत्या. ते परीक्षक माझ्याच खोलीत चहा पीत होते, दहा पावलांवर. जाऊन एवढंच म्हणायचं होतं — सर, माझं चुकलं. त्या एका उत्तराचे गुण मिळाले असते की पोरगी पास. कुणी मला फासावर देणार होतं का? ते हसले असते, फार तर गावाकडे जाऊन दोघांना सांगितलं असतं. तेच. तेवढंच मला नको होतं. मी सात नंबरची बाटली मोरीत ओतली, विसळली, पालथी घातली आणि सही करायला गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

निकालानंतर तिचे वडील विभागात आले. बांधलेल्या जर्नलांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. मला वाटलं, भांडणार. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, तिच्यावर रागावू नका. अजून म्हणते, साखर नव्हतीच. लहान आहे, समजेल तिला."

मी म्हटलं, "समजेल."

आजही कानात आहे तो माझा आवाज. किती शांत होता!

पुढे सहा महिने ती मागे पडली. नापासांच्या वेगळ्या तुकडीत बसली, मैत्रिणी पुढे गेल्या. फेरपरीक्षेत माझ्या विषयात पहिली आली, पण नापासाचा शिक्का राहिला तो राहिलाच. तिला लहान मुलांची डॉक्टर व्हायचं होतं. त्या काळी पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशात अशा शिक्क्याचे गुण कापत. थोडक्यात ती जागा हुकली. शिल्लक कोणता विषय राहिला? बायोकेमिस्ट्री. माझ्याकडेच आली एमडीला.

आणि मी तिला शिकवलं — जीव ओतून शिकवलं. भरपाई म्हणून नव्हे, खोटं कशाला बोलू? तिच्यासारखं डोकं हाताखाली आलं याचा आनंदच झाला मला. आज ती एका मोठ्या कॉलेजात विभागप्रमुख आहे. लोक म्हणतात, मॅडमचीच परंपरा. ऐकलं की माझी मान अजून ताठ होते. तिचा मला अभिमान आहे, अगदी मनापासून. आणि त्या अभिमानाच्या बुडाशी काय आहे, ते तुम्ही आत्ताच वाचलंत.

एवढंच असतं तर कदाचित मी गप्पच राहिले असते. पण गेल्या महिन्यात जुन्या विद्यार्थ्यांनी माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, सगळं झालं. नसीम बोलायला उभी राहिली. म्हणाली, दर वर्षी नव्या पोरांना मी पहिल्याच प्रॅक्टिकलला माझी गोष्ट सांगते. मला सात नंबरची बाटली आली होती, त्यात साखर होती आणि मला ती चारदा करूनही दिसली नाही. तेव्हा कळलं, स्वतःच्या डोळ्यांवर फार भरवसा ठेवायचा नसतो. हे मला मॅडमनी शिकवलं.

मी? मी हे शिकवलं? मी तर वर्षभर याच्या उलट घसा फोडत होते. आणि तिने ते ऐकलं होतं, सबंध वर्गात तिने एकटीने ऐकलं होतं.

सभागृहात टाळ्या पडल्या. ती खाली आली, वाकून नमस्कार केला. मला तेव्हा बोलता आलं असतं. माईक समोरच होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माईकमध्ये म्हटलं, हुशार होती, पण हट्टी फार. सगळे हसले. तीही हसली.

दर वर्षी ती नव्या वर्गाला ते सांगते. या वर्षीही सांगेल. म्हणून प्रॅक्टिकलच्या वहीत लिहायला शिकवायचे, तसंच खाली लिहिते.

बाटली क्रमांक सात. प्रथिने — आहेत. साखर — नाही. नसीम शेख हिचं उत्तर बरोबर होतं. चूक परीक्षकबाईंची होती, आणि त्यांना ती त्याच दुपारी कळली होती.